ढाबळीतल्या दोन वाट्या

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात कबुतरांच्या विणीबद्दलची पत्रं इतकी आली की बाकीचे विषय बाजूला ठेवावे लागले. बहुतेक पत्रांचं मूळ एकच होतं : खडा आणि कॅल्शियम. त्यातली पाच पत्रं घेतली आहेत. नावं गाळली आहेत, पत्रं थोडी आखूड केली आहेत.

•

प्रश्न : ताई, माझ्याकडे कबुतरांच्या तीन जोड्या आहेत. विकतचं गुलाबीसर ग्रिट वाटीत कायम भरलेलं असतं आणि सगळी कबुतरं ते खातात. तरी एका मादीने या खेपेला दुसरं अंडं मऊ घातलं. हातात घेतलं तर चामड्यासारखं दबलं. पहिलं अंडं चांगलं होतं. ग्रिट खाऊनही असं का झालं?

उत्तर : तुमच्या पत्रातल्या 'ग्रिट' या शब्दापाशीच गोम आहे. या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू येतात.

पहिली वस्तू म्हणजे खडा : ग्रॅनाइटचे, गारगोटीचे बारीक तुकडे. कबुतराला दात नाहीत, आणि पोपटासारखा दाणा सोलून खायची त्याची रीतही नाही. ज्वारी असो, वाटाणा असो, सालासकट गिळायचा. तो दाणा दळला जातो पथरीत, म्हणजे पोटातल्या जाड स्नायूंच्या पिशवीत, आणि दळायला लागतात हे खडे. ते आम्लात विरघळत नाहीत. घासून घासून गुळगुळीत होतात आणि हळूहळू बाहेर पडतात. दुसरी वस्तू म्हणजे शिंपल्यांचा चुरा, चुनखडी, अंड्यांची टरफलं. ही पोटातल्या आम्लात विरघळते आणि तिच्यातलं कॅल्शियम रक्तात जातं. दळण्याच्या कामाला ती टिकतच नाही. म्हणजे एक जातं आहे आणि दुसरं अन्न आहे. जात्याने पोट भरत नाही आणि अन्नाने दळण होत नाही.

तुमच्या वाटीत काय आहे ते आजच पाहा. चिमूटभर ग्रिट धुऊन एका पेल्यात घ्या आणि वर व्हिनेगर ओता. लिंबाचा रसही चालेल, फक्त जरा वेळ लागेल. जे तुकडे बुडबुडे सोडतात ते कॅल्शियमचे. जे मुकाट पडून राहतात ते खडे. गुलाबी-लाल तुकडे बऱ्याचदा विटेचे किंवा भाजलेल्या मातीचे असतात, तेही गप्प राहतील. मला वाटतं, तुमच्या पेल्यात फारच थोडे बुडबुडे दिसतील.

आता मादीचा हिशेब मांडू. कबुतराच्या अंड्याचं कवच दीड ग्रॅमच्या आसपास भरतं. त्यात सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं, आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात ४० टक्के शुद्ध कॅल्शियम. एका अंड्याला अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त, दोन अंड्यांना मिळून ग्रॅमभराच्या वर. मादी दिवसाला तीसएक ग्रॅम दाणा खाते. ज्वारी, गहू, मका या दाण्यांत कॅल्शियम इतकं कमी असतं की तीस ग्रॅममधून जेमतेम दहा-पंधरा मिलिग्रॅम मिळतं. नुसत्या दाण्यावर दोन अंड्यांची बेगमी करायला तिला तीन महिने लागतील, तेही कणन्‌कण अंगी लागला तर. शिवाय दाण्यात फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे आहाराचा तोल उलटाच असतो. शिंपल्यात मात्र वजनाच्या ३८ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम आहे. तीन-चार ग्रॅम चुऱ्यात दोन्ही अंड्यांची गरज भागते. एवढासा चुरा, पण तो वेळेवर मिळायला हवा.

वेळेवर का, तर मादी कवचाची तयारी अंडं घालायच्या दिवशी सुरू करत नाही. विणीच्या आधी तिच्या लांब हाडांच्या पोकळीत जाळीसारखं एक तात्पुरतं हाड तयार होतं, आणि ती तिची कॅल्शियमची कणगी असते. विशेष म्हणजे ही गोष्ट काइस आणि पॉटर या दोन संशोधकांनी १९३४ साली कबुतराच्या मादीतच पाहून लिहिली. कोंबड्यांवरचा अभ्यास पुढे खूप वाढला, पण सुरुवात आपल्या पाखराची. पहिलं अंडं बहुधा संध्याकाळी येतं आणि दुसरं त्यानंतर सुमारे ४४ तासांनी, म्हणजे मधला एक दिवस सोडून दुपारी. कणगी अर्धीच भरलेली असेल तर पहिल्या अंड्याला माल पुरतो आणि दुसऱ्याच्या वेळी तळ दिसतो. तुमच्या मादीचं असंच झालं असणार.

हे मी शांतपणे लिहिते आहे, पण मला ते शिकवलं राखीने. राखी ही माझी करड्या रंगाची मादी. वडील गेल्यावर ढाबळ माझ्याकडे आली तेव्हा त्यांच्या दोन वाट्यांपैकी एक फुटली होती, आणि मी एकाच वाटीत तयार मिश्रण घालू लागले. राखी पिल्लं उत्तम वाढवायची. पहिली जोडी उडायच्या आत दुसरी अंडी, त्यानंतर लगेच तिसरी. मी आनंदाने पिल्लं मोजत होते. तिसऱ्या वेळी सकाळी ढाबळ उघडली तर ती खाली कोपऱ्यात बसलेली, पिसं फुलवलेली, डोळे अर्धे मिटलेले, शेपटी श्वासागणिक वरखाली होत होती. उभं करायला गेले तर पाय लुळे. अंडं अडकलं होतं. मी तिला खोक्यात घातलं, खाली फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवली आणि तासाभरात पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे पोचले. त्यांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. अंडं बाहेर ढकलायलाही स्नायूंना कॅल्शियमच लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी अंडं आलं. कवचच नव्हतं त्याला, नुसता पडदा. डॉक्टरांनी माझं बोट धरून तिच्या छातीच्या हाडावरून फिरवलं. ते सरळ असायला हवं होतं, बोटाखाली लाट लागली. अंड्यांसाठी तिने स्वतःचं हाड झिजवलं होतं. ती लाट पुढे कधीच गेली नाही.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, वाट्या दोन करा. एकीत खडा, साधारण ज्वारीच्या दाण्याएवढा, दोन ते चार मिलिमीटरचा. बारीक वाळू नको, ती पथरीत न टिकता निघून जाते. दुसरीत कालवांच्या शिंपल्यांचा चुरा, तेवढ्याच आकाराचा. जोडी जमली, नर घुमायला लागला, घरट्याची जागा ठरली की लगेच दुसरी वाटी भरायला लागा. माझ्याकडे ती बारा महिने असते, पण अंड्यांच्या आधीचे दोन-तीन आठवडे मी ती रोज ताजी करते. मोठी रास ओतून ठेवण्यापेक्षा रोज जोडीमागे एक चमचा बरा. ताजा चुरा पडला की सगळी धावत येतात, चार दिवसांच्या धूळभरल्या वाटीकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

आणि तुमच्या या मादीला आता विश्रांती द्या. निदान दोन महिने पिल्लं नकोत. अंडी घातलीच तर खरी काढून लाकडाची ठेवा आणि तिला बसू द्या. तिचं छातीचं हाड बोटाने तपासा. ढाबळीत सकाळचं ऊन थेट येतं का तेही पाहा, कारण ड-३ जीवनसत्त्वाशिवाय पोटात गेलेलं कॅल्शियम शरीर नीट शोषून घेत नाही, आणि ते जीवनसत्त्व कबुतराच्या अंगात उन्हाने तयार होतं. काचेतून आलेल्या उन्हाचा इथे उपयोग नाही. त्यासाठी लागणारे किरण काच अडवते. जाळी हवी.

पुन्हा कधी मादी फुगून, शेपटी हलवत बसलेली दिसली तर ऊब द्या, अंधारं शांत खोकं द्या आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पोट दाबून अंडं काढू नका. आत फुटलं तर ती वाचणं कठीण.

•

प्रश्न : घरात कोंबडीच्या अंड्यांची टरफलं पुष्कळ निघतात. ती कबुतरांना दिली तर चालतील का? एकाने सांगितलं की त्यामुळे कबुतरं स्वतःची अंडी फोडून खायला शिकतात.

उत्तर : चालतील, आणि चांगली चालतील. शिंपला आणि टरफल, कॅल्शियमच्या दृष्टीने जवळजवळ सारखेच. टरफलं धुवा, दहा मिनिटं उकळा म्हणजे जंतूंची भीती राहत नाही, उन्हात किंवा मंद आचेवर खडखडीत वाळवा, मग हाताने चुरडा. तुकडा मसुराच्या डाळीएवढा असावा. मिक्सरमध्ये पूड करू नका. कबुतर पूड टिपत नाही, ती वाटीच्या तळाशी बसते आणि ओल धरते.

अंडी खायची भीती सोडून द्या. चुरडलेल्या तुकड्यात त्यांना अंडं दिसत नाही. इतक्या वर्षांत माझ्याकडे टरफलामुळे कोणी अंडं फोडलेलं नाही. अंडी फुटतात ती बहुधा पातळ कवचामुळे, आणि टरफल हा त्यावरचाच उपाय आहे.

समुद्रफेसाबद्दलही, म्हणजे माकुळ या समुद्री जिवाच्या अंगातल्या पांढऱ्या कवचाबद्दलही कोणी विचारलं होतं. तोही कॅल्शियमचाच. पण पोपटासारखा पिंजऱ्याला टांगून ठेवलात तर कबुतर त्याला हात लावणार नाही, कारण त्याची चोच कुरतडायची नाही. कुटून वाटीत घाला.

•

प्रश्न : विणीच्या काळात पिण्याच्या पाण्यात कॅल्शियमचं औषध रोज घातलं तर वाटीची कटकटच नको. माणसांची ड जीवनसत्त्व असलेली कॅल्शियमची गोळी कुस्करून घातली तर चालेल का?

उत्तर : नाही. कृपया असं करू नका.

पाणी सगळी पितात : अंड्यावर आलेली मादी पिते, नर पितो, महिन्याचं पिल्लूही पितं. उन्हाळ्यात आणि पिल्लं भरवताना तर पाणी कितीतरी जास्त लागतं. कोणाच्या पोटात किती गेलं याचा हिशेब तुमच्या हातात राहत नाही. नको असलेलं कॅल्शियम आणि वर ड जीवनसत्त्व, याचा भार मूत्रपिंडांवर पडतो. तिथे क्षार साचतात, युरिक आम्ल बाहेर टाकलं जात नाही, आणि ते सांध्यांवर, हृदयावर, यकृतावर पांढरट थरासारखं जमतं. माणसाच्या गोळीतली मात्रा माणसाच्या वजनाला बेतलेली असते, आणि कबुतर अर्ध्या किलोचंही नसतं.

वाटीचं मोल इथे कळतं. ज्याला गरज आहे तो पक्षी वाटीकडे जातो आणि गरज भागली की थांबतो. अंड्यावर आलेली मादी शिंपल्याच्या वाटीपाशी घोटाळते, तिचा नर दोन तुकडे टिपून दाण्याकडे वळतो, हे तुम्ही दहा मिनिटं बसून पाहिलंत तरी दिसेल. मी हे पाहत बसते. ढाबळीतल्या माझ्या आवडत्या वेळांपैकी ती एक आहे. पाण्यात घातलंत की पाखराची ही निवडच जाते. अशक्त मादीला डॉक्टरांनी मोजून चार दिवस औषध दिलं तर गोष्ट वेगळी.

•

प्रश्न : पिल्लं आठ दिवसांची झाल्यापासून नर-मादी दोघंही अधाशासारखे ग्रिट खात आहेत. दिवसातून दोनदा वाटी रिकामी होते. भिंतीचा पोपडाही टोकरतात. वाटी काढून घ्यावी का? शिवाय एका पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकले आहेत. हेही कॅल्शियम कमी पडल्यामुळे का?

उत्तर : वाटी मुळीच काढू नका. ते स्वतःसाठी खात नाहीत, पिल्लांसाठी वाहून नेत आहेत.

पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा पंधरा-वीस ग्रॅमचं असतं. दोनएक दिवसांत वजन दुप्पट, आणि चार आठवड्यांत जवळजवळ आईबापांएवढं. ही सगळी वाढ अंगावर हाड धरूनच होते. पहिले तीन-चार दिवस त्याला फक्त कबुतराचं दूध मिळतं. ते दोघांच्याही गळ्याखालच्या पिशवीच्या अस्तरातून सुटतं, नराच्यासुद्धा. मग त्यात हळूहळू भिजलेला दाणा मिसळू लागतो, आणि दुसऱ्या आठवड्यात दाणा जास्त, दूध कमी. दाणा आला की दळायला खडा आला, आणि हाडांना कॅल्शियम आलं. आईबाप दोन्ही पिशवीतूनच पोचवतात. म्हणून पिल्लांच्या चोचीत आपण खडे घालायची काहीच गरज नाही. एकदा एका ओळखीच्यांनी प्रेमापोटी चमच्याने ग्रिट भरवलं आणि पिशवी खड्यांनी ठासून भरली. ते पिल्लू गेलं. आईबापांना माप कळतं.

भिंत टोकरणं हे मात्र मागणं आहे. त्यांना कॅल्शियम किंवा मीठ कमी पडतंय. पिल्लं भरवणाऱ्या कबुतरांना मिठाची ओढ फार असते. मी किलोभर मिश्रणात चहाचे दोन सपाट चमचे मीठ घालते, त्याहून जास्त नाही, आणि त्या दिवसांत पाणी क्षणभरही संपू देत नाही. मीठ आहे आणि पाणी नाही, ही स्थिती पाखराला मारू शकते. मिठामुळे मिश्रण ओल धरतं, तेव्हा दमट हवेत थोडंथोडंच काढा आणि चिकट झालं तर फेकून द्या. वाटी मातीची किंवा चिनी मातीची असू दे. भिंतीवर जुना रंग असेल तर तो भाग आजच झाका. जुन्या रंगांत शिसं असायचं, आणि शिशाचा कण पथरीत खड्यासारखा अडकून झिजत राहतो, रोज थोडं विष रक्तात सोडतो. रस्त्याकडेची खडी आणून घालणारे लोक आहेत, त्यांनाही हेच सांगते : तेल, डांबर, धातूचा कीस, काय काय असतं त्यात.

फाकलेल्या पायांना कॅल्शियमपेक्षा बहुधा घरट्याचा गुळगुळीत तळ कारण असतो. खाली वर्तमानपत्र किंवा प्लास्टिक आहे का? पंजे घसरतात आणि मांड्या बाहेर वळतात. आत काड्या, काथ्या, खरबरीत काहीतरी घाला. दोन्ही पाय मऊ पट्टीने नैसर्गिक अंतरावर सैलसर बांधून ठेवा आणि पट्टी रोज तपासा, कारण पाय रोज जाड होत असतो. आता सुरुवात केलीत तर अजून सुधारणा होऊ शकते. दोन आठवड्यांनंतर हाडं ऐकत नाहीत. दोन्ही पिल्लांची हाडं मऊ वाटत असतील, चोच बोटात दबत असेल, तर मात्र तो मुडदूस आणि डॉक्टरकडेच जायला हवं.

•

प्रश्न : मावशी, मी आठवीत आहे. माझ्याकडे एकच कबुतर आहे, पांढरं, घरातच असतं. आम्हाला ते नर वाटायचं. गेल्या महिन्यात त्याने कपाटावर दोन अंडी घातली! आईने ती काढून टाकली, तर थोड्या दिवसांत परत दोन घातली. ती पण काढली. आता ते गप्प गप्प बसतं. ते आजारी आहे का? नर नसताना अंडी कशी?

उत्तर : तुझं कबुतर मादी आहे, आणि तिला तू आवडतोस. माणसाळलेल्या एकट्या मादीला घरातलं माणूस जोडीदारासारखं वाटू लागतं. तू तिच्या डोक्यावरून, पाठीवरून हात फिरवतोस ना? त्यानेही तिला वाटतं की आता घरटं करायला हवं. त्या अंड्यांतून पिल्लं निघणार नाहीत, पण कवच मात्र खऱ्या अंड्याइतकंच लागतं. महिन्यात चार अंडी, म्हणजे तिच्या हाडांतून बरंच काही गेलं. गप्प बसते ते म्हणूनच असेल. पिसं फुलवून बसत असेल किंवा पाय लटपटत असतील तर आईला सांग आणि आजच डॉक्टरांकडे घेऊन जा. बाकी सगळं थांबू दे.

तशी नसेल तर पुढचं ऐक. अंडी काढून टाकली की तिला वाटतं, हरवली, आता परत घालायला हवीत. आठ-दहा दिवसांत ती पुन्हा सुरुवात करते. म्हणून या वेळी काढू नका. कबुतराची अंडी सतरा-अठरा दिवसांत उबतात. ती त्याहून थोडे जास्त दिवस बसेल, मग तिचं तिलाच कळेल आणि उठून जाईल. तेवढे दिवस तिच्या अंगाला विसावा मिळतो. आईला खरी अंडी घरात नको असतील तर लाकडाची दोन करून घे : चार सेंटिमीटर लांब, तीन सेंटिमीटर जाड, पांढरी, गुळगुळीत, रंग न लावलेली. पहिलं अंडं आलं की एक बदल, दुसरं आलं की दुसरं.

तिच्याजवळ दोन छोट्या वाट्या ठेव. एकीत खडे, दुसरीत शिंपल्याचा चुरा किंवा उकळून वाळवलेली टरफलं. पालक देऊन कॅल्शियम भरून निघेल असं कोणी सांगेल, पण पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, तिला त्यातलं फार थोडं मिळतं. रोज सकाळी अर्धा तास तिला पिंजऱ्यात घालून बाहेर उन्हात ठेव. अर्धा पिंजरा सावलीत असू दे आणि तू शेजारी बस, मांजर-घारींची भीती असते. पाठीवरून हात फिरवणं काही दिवस बंद. मानेशी हलकेच खाजवलंस तर हरकत नाही. कपाटावर जायची वाटही बंद कर, म्हणजे तिला घरट्याची जागा पटकन सापडणार नाही.

ती अंड्यांवरून कोणत्या दिवशी उठली ते वहीत लिही आणि मला कळव. नावही कळव तिचं, तू पत्रात लिहिलंच नाहीस.